४८६ मध्ये नवी डिस्क: आयडीई, स्कझी की फ्लॅश कार्ड?

पाटी_कोरी (धागाकर्ता)

यंत्र: ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसरचा जुना पीसी, आयएसए आणि व्हीएल-बस (जादा कार्डं बसवायच्या खाचा) असलेला मदरबोर्ड, बायोसवर (यंत्र सुरू होताच डिस्क वगैरे ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) १९९३ ची तारीख. बाकी सगळं ठणठणीत आहे, पण आतली ४२० एमबीची आयडीई (पीसीतली नेहमीची डिस्क-जोडणी) डिस्क सुरू होताना खडखडते आणि मधूनच सेक्टर सापडत नाही म्हणून थांबते. पूर्ण जायच्या आत बदलायची आहे. डॉस ६.२२ आणि विंडोज ३.११ एवढंच चालवायचंय, पण जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं हवंय.

हाताशी आहे ते असं: नंतरच्या एका पीसीतली ८० जीबीची आयडीई डिस्क, ४० पिनी अडॅप्टरसकट एक ४ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्ड, आणि आयएसए स्कझी (आयडीईहून वेगळी डिस्क-जोडणी) कार्डासोबत आलेली ५० पिनी डिस्क.

८० जीबीवाली लावून पाहिली. प्लग व्यवस्थित बसतो, डिस्क फिरते, पण ऑटो-डिटेक्ट दाबलं की यंत्र तिथेच लटकतं. कनेक्टर तोच, व्होल्टेज तेच, दोन्हींवर आयडीई लिहिलेलं. मग अडतंय कुठे?

सिलिंडर_१०२३

डिस्कमध्ये नाही, बायोसमध्ये.

डॉस डिस्कशी बोलतो तो बायोसच्या १३एच इंटरप्टमधून (डिस्कचं काम सांगायची ठरलेली हाक). तिथे पत्ता द्यायचा तो सिलिंडर (कितवा ट्रॅक), हेड (चकतीची कुठली बाजू), सेक्टर (ट्रॅकचा कुठला तुकडा) असा. सिलिंडरला १० बिट, हेडला ८, सेक्टरला ६. आयडीई डिस्कच्या बाजूला हेच खण वेगळ्या मापाचे आहेत: सिलिंडरला १६, हेडला फक्त ४, सेक्टरला ८. एक दार उंच पण अरुंद, दुसरं रुंद पण बुटकं, आणि सामान दोन्हींतून न्यायचंय. म्हणून प्रत्येक ठिकाणी लहान असेल ते माप धरावं लागतं: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार करा, ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. हीच ती प्रसिद्ध ५२८ एमबीची भिंत (१०२४ च्या हिशेबाने मोजणारे तिलाच ५०४ म्हणतात). गंमत अशी की दोन्ही पद्धती सुट्या घेतल्या तर ऐसपैस आहेत. एकट्या १३एच ची मर्यादा ८.४ जीबी, एकट्या एटीएची (आयडीईचं मानकातलं नाव) जुन्या पत्त्यातही १३७ जीबीच्या आसपास.

पुढच्या बायोसांनी मधे भाषांतर घातलं, ‘लार्ज’ किंवा ‘एलबीए’ नावाने. १९९३ च्या बायोसात ते नसण्याचीच शक्यता जास्त.

आता लटकण्याबद्दल. ८.४ जीबीच्या पुढची कुठलीही डिस्क स्वतःची भूमिती (सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे) १६३८३/१६/६३ अशीच सांगते, मग ती १० जीबीची असो की ८० ची. काही बायोसांत सिलिंडरच्या आकड्याला १२ बिटांचीच जागा ठेवलेली असते. ४०९५ च्या वरचा आकडा आला की कुणी वरचे बिट कापून पुढे जातं, कुणी जागीच गोठतं. तुमचं दुसऱ्या जातीचं दिसतंय. ऑटो-डिटेक्ट करूच नका. टाइप ४७ म्हणजे ‘युजर’ निवडा आणि हाताने १०२४, १६, ६३ भरा. डिस्कवर क्षमता आखडून दाखवणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) आहे का तेही बघा, काही डिस्कांवर असतो.

टर्मिनेटर_लावा

हा सगळा खटाटोप करायचाच कशाला? स्कझी कार्ड आहे ना. सेटअपमध्ये हार्ड डिस्क ‘नॉट इन्स्टॉल्ड’ करा, कार्डावरच्या रॉमला (चिपमध्ये कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅमला) काम करू द्या.

स्कझीत डिस्कची भूमिती हा प्रश्नच कधी नव्हता. १९८६ च्या मानकापासून पत्ता म्हणजे ब्लॉकचा क्रमांक, बस. आत किती प्लॅटर, किती हेड हे डिस्कचं खासगी प्रकरण. एका केबलवर सात उपकरणं, आणि एक डिस्क डोकं फिरवत असताना बस (सगळ्यांची सामायिक वाट) सोडून देते, तेवढ्यात दुसरीचं काम उरकतं. एका आयडीई केबलवरच्या दोन डिस्कना हे त्या काळात स्वप्नातही जमत नव्हतं. सर्व्हरवाले वेडे नव्हते.

केबल_कात्री

स्कझीभक्त आले, आता आरती होणार.

भूमितीचा प्रश्न नव्हता म्हणे! डॉसला तरी सिलिंडर-हेड-सेक्टरच लागतं ना? मग कार्डावरचा रॉम खोटी भूमिती बनवून देतो. अडाप्टेकच्या १५४० मालिकेतली कार्डं ६४ हेड, ३२ सेक्टर असा हिशेब धरतात, १०२४ सिलिंडरला तो बरोब्बर १ जीबी होतो. त्यापुढे ‘एक्स्टेंडेड ट्रान्सलेशन’ चालू केलं की २५५ आणि ६३. दुसऱ्या कंपनीचं कार्ड तिसराच हिशेब धरू शकतं. एका कार्डावर भरलेली डिस्क दुसऱ्यावर लावा, ब्लॉक सगळे शाबूत आणि पार्टिशन टेबल (डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो ती यादी) मात्र निरर्थक. म्हणजे तुमच्या ‘स्वच्छ’ इंटरफेसवरही दुखणं तेच, फक्त एक मजला वर.

आणि केबल? ५० पिनी, ६८ पिनी, ८० पिनी. ८० पिनी डिस्क अडॅप्टर घालून ५० वर आणली तर वरच्या आठ बिटांचं टर्मिनेशन (सिग्नल परतू नये म्हणून तारेचं टोक बंद करणं) कोण करणार? त्यात विजेच्या सिग्नलांचे प्रकार तीन: सिंगल-एंडेड, एलव्हीडी, एचव्हीडी. एलव्हीडी डिस्क निदान समजूतदारपणे सिंगल-एंडेडमध्ये उतरते. एचव्हीडी उपकरण सिंगल-एंडेड बसवर लावलंत तर चिप जळू शकते, आणि प्लग तिथेही छान बसतो!

टर्मिनेटर_लावा

टर्मिनेशन केबलच्या दोन टोकांना, मधे कुठेही नाही. कार्डाचा आयडी ७, बूट डिस्कचा शक्यतो ०. हे ज्यांना पाठ होत नाही त्यांनी मास्टर-स्लेव्हच्या (एका आयडीई केबलवरची पहिली आणि दुसरी डिस्क) जंपरशी खेळावं. एचव्हीडीचा मुद्दा मान्य, सॉकेटात घालण्याआधी डिस्कवरचं चिन्ह वाचायलाच हवं.

जीर्णोद्धार

भांडण रंगात आलंय, पण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न चांगला आहे: ‘कनेक्टर तोच, मग अडतंय कुठे?’ त्याचं उत्तर १९८० पासून द्यावं लागेल.

सीगेटची एसटी-५०६ त्या वर्षी आली, ५ एमबीची. पुढच्या वर्षी १० एमबीची एसटी-४१२, आणि तिचा इंटरफेस पीसीच्या जगात रूढ झाला. दोन केबली: ३४ पिनी नियंत्रणाची, २० पिनी डेटाची. अशी डिस्क जवळपास बिनडोक असते. हेडने वाचलेले चुंबकीय बदल जसेच्या तसे केबलवरून कार्डाकडे जातात आणि त्यातून बिट वेगळे काढणं कार्डाचं काम. त्यामुळे डिस्कवरचं लो-लेव्हल फॉरमॅट त्या कार्डाच्या हस्ताक्षरात असतं. कार्ड बदललं की डिस्क वाचता येईलच याची खात्री नाही, नव्याने फॉरमॅट करावी लागते. बिट लिहायच्या पद्धतीही दोन: एमएफएम कार्डावर ट्रॅकला १७ सेक्टर, आरएलएल कार्डावर २६. एसटी-२२५ ही २० एमबीची आणि एसटी-२३८आर ही ३० ची, यांत मुख्य फरक हाच की दुसरी आरएलएलसाठी पात्र ठरवलेली. लोक २२५ सुद्धा आरएलएलवर चढवायचे, ती काही काळ चालायचीही.

मग मॅक्सटरने ईएसडीआय आणला. केबली त्याच ३४ आणि २०! पण बिट वेगळे काढणारा भाग कार्डावरून उचलून डिस्कवर नेला. केबल लहान नि सिग्नल स्वच्छ, म्हणून वेग वाढला. पण एसटी-४१२ च्या कार्डाला ईएसडीआय डिस्क लावली तर दोघं एकमेकांचं काही समजत नाहीत. ‘प्लग बसतो पण चालत नाही’ याचा हा अस्सल नमुना.

तिसरी पायरी १९८६ च्या सुमाराची. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी आख्खा कंट्रोलरच डिस्कवर चढवला. ही आयडीई. यातली खरी हुशारी मला वाटते ती अशी की सॉफ्टवेअरला काही कळूच दिलं नाही. आयबीएमच्या १९८४ च्या एटी मधल्या वेस्टर्न डिजिटल कंट्रोलरचे रजिस्टर (आज्ञा आणि पत्ते लिहायचे खण) १एफ०एच ते १एफ७एच वर होते, इंटरप्ट १४. आयडीई डिस्कने तेच पत्ते, त्याच आज्ञा ठेवल्या. जुन्या बायोसला वाटलं समोर तोच कंट्रोलर आहे. म्हणूनच ४८६ वरच्या आयडीई पोर्टात फारसं काही नसतं, थोडे बफर आणि पत्ता ओळखणारं सर्किट. म्हणूनच स्कझीपेक्षा स्वस्तात काम झालं, आणि म्हणूनच त्या कंट्रोलरच्या काळातले तोकडे खण वारशाने मिळाले.

तर जुन्या यंत्राला डिस्क लावताना प्लग, विजेचे सिग्नल, आज्ञांची भाषा, बायोसचा पत्ता आणि डिस्कवर आधी लिहिलेली मांडणी हे सगळं वेगवेगळं तपासायचं. प्लग बसला याने त्यातलं फक्त पहिलं सुटतं. तुमच्याकडे आज्ञांपर्यंत सगळं जुळतंय, गाडं पत्त्यावर अडलंय.

रिकामं_खोकं

मस्त चाललाय धागा. मधेच एक शंका. माझ्या जुन्या साउंड कार्डावर ४० पिनी कनेक्टर आहे. त्यावर आयडीई सीडी ड्राइव्ह लावला तर दिसतच नाही. हेच का ते?

केबल_कात्री

हेच ते, ताई. एटापी (सीडी ड्राइव्ह आयडीईवर चालवायचं मानक) रूढ होण्याआधी सीडी ड्राइव्हचे इंटरफेस ज्याचे त्याचे होते: पॅनासॉनिकचा एक, मित्सुमीचा एक, सोनीचा एक. काही साउंड ब्लास्टर कार्डांवर हे तिन्ही शेजारी शेजारी सापडतात. पॅनासॉनिक आणि मित्सुमी दोघांचेही ४० पिनी, आणि दोन्ही आयडीई नाहीत. नंतरच्या काही साउंड कार्डांवर खराखुरा आयडीई पोर्ट आला, तो बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनलच्या पत्त्यावर असतो. कार्डावर कनेक्टरशेजारी काय छापलंय ते पाहा.

हार्ड डिस्कांतही असा एक चकवा आहे. एक्सटी-काळातली (आयबीएमच्या एटीआधीच्या पीसीची) ८ बिटी आयडीई. ४० पिनी, दिसायला हुबेहूब, १६ बिटी एटीएशी शून्य संबंध.

फ्लॅशपुराण

सीएफ कार्डाचं नावच कोणी काढत नाहीये, म्हणून मी.

सीएफला जातीचा आयडीई मोड आहे. अडॅप्टरमध्ये चिप नसते, नुसत्या तारा जोडलेल्या. काही अडॅप्टरवर डीएमएच्या (प्रोसेसरला टाळून थेट मेमरीत डेटा नेण्याच्या) तारा सोडलेल्या असतात, पण ४८६ वर सगळं पीआयओने (प्रोसेसरच डेटा वाहतो) चालतं, तिथे फरक पडत नाही. कार्ड स्वतःला ‘फिक्स्ड’ म्हणवतं की ‘रिमूव्हेबल’ यावरून विंडोज एनटीच्या वंशावळीत कटकट होते, डॉसला त्याचं सोयरसुतक नाही. एक मात्र तपासा: एटीए-६ मानकापासून सिलिंडर-हेड-सेक्टर पत्ता कालबाह्य ठरवलाय. जुनी सीएफ कार्डं तो बिनतक्रार पाळतात, अलीकडच्या एखाद्या उपकरणाने हात वर केले तर नवल नाही.

५२८ ची भिंत ओलांडायला माझ्या मते सगळ्यात सरळ उपाय म्हणजे एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस. मुक्त स्रोत आहे, हौशी लोकांनी लिहिलेला. ८ केबीची आवृत्ती ईप्रॉमवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम चिपवर) उतरवा आणि आयएसए नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या रिकाम्या सॉकेटात बसवा. कार्ड नेटवर्कला वापरलं नाही तरी चालेल, आपल्याला त्याचं सॉकेट हवंय. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये हार्ड डिस्क ‘नॉट इन्स्टॉल्ड’ ठेवा, तोच आयडीई पोर्ट हा बायोस आपण होऊन हाताळतो.

सिलिंडर_१०२३

+१. ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्हसारखे ओव्हरले हा त्या काळचा उपाय होता. पहिल्या सेक्टरमधून आपला कोड आधी चढवायचा आणि भाषांतर तिथे करायचं. चालतो. पण फ्लॉपीवरून नेहमीसारखं बूट केलंत की ओव्हरले चढत नाही आणि डिस्क रिकामी किंवा भलतीच दिसते. अशा वेळी घाबरून एफडिस्क (पार्टिशन करणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्यांनी किती डेटा उडवला असेल देव जाणे. रॉममधला बायोस नेहमीच आधी चढतो, त्यामुळे हा धोका नाही.

पाटी_कोरी

सगळ्यांना दंडवत. हाताने १०२४/१६/६३ भरल्यावर ८० जीबीवाली ओळखली, ५०४ एमबी दिसते. म्हणजे निदान पक्कं झालं. पण मला सीएफच पटतंय, आवाजही नाही.

अडचण जुन्या डिस्कची. ती मास्टर आणि सीएफ स्लेव्ह करून एकाच केबलवर लावली तर दोन्ही गायब. एकेकटी लावली की दोन्ही दिसतात.

जीर्णोद्धार

अपेक्षित आहे. पहिलं एटीए मानक १९९४ साली मंजूर झालं. त्याआधीच्या डिस्क एकमेकींशी कशा वागतील याला पक्का नियम नव्हता. स्लेव्ह हजर आहे हे मास्टरला कळवायला एक वेगळी तार आहे, पण बऱ्याच जुन्या डिस्क तिच्यावर विसंबत नाहीत, त्यांना जंपरने सांगावं लागतं. म्हणून काही डिस्कांवर ‘एकटी’ आणि ‘मास्टर, सोबत स्लेव्ह’ अशा दोन वेगळ्या जागा सापडतील. ते लावूनही पटलं नाही तर हट्ट सोडा.

शिवाय ही डिस्क आजारी आहे. तिला ४८६ मध्ये फिरवत फाइली कॉपी करत बसू नका. आयडीई पोर्ट असलेल्या नंतरच्या यंत्रावर लिनक्स सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने आख्ख्या डिस्कची सेक्टरवार प्रतिमा घ्या. ते आधी सोपा भाग उचलतं, खराब सेक्टरांना शेवटी हात घालतं. प्रतिमा घेताना भूमिती आडवी येत नाही. ती एकदा हाती आली की डिस्क मेली तरी बेहत्तर.

प्रतिमा थेट सीएफवर मात्र ओतू नका. तिच्या पार्टिशन टेबलात जुन्या डिस्कची भूमिती आहे. सीएफवर नवं पार्टिशन ४८६ मध्येच करा, नव्या बायोसखाली, आणि प्रतिमेतून फाइली काढून टाका. सिस्टिम फाइली डॉसच्या फ्लॉपीवरून ‘सिस’ आज्ञेने.

अवांतर: नंतरच्या यंत्रातली ८० तारांची केबल असेल तर तिच्यात विसाव्या पिनचं भोक बुजवलेलं असतं. तुमच्या १९९३ च्या बोर्डावर ती पिन कापलेली नसेल तर केबल बसणारच नाही. पिन मोडायच्या भानगडीत पडू नका, जुनी ४० तारांची वापरा. ८० तारा लागतात त्या ६६ एमबी प्रति सेकंदापासून पुढे, आणि तुमची बस त्या गावाला जातच नाही.

साटासुखी

इतक्या जुन्याचं माहीत नाही, पण साटाच्या (आयडीईनंतर आलेली जोडणी) सुरुवातीच्या बोर्डांवरही असलंच चालतं. पहिल्या पिढीचा वेग १.५ गिगाबिट. नंतरची डिस्क स्वतःहून त्या वेगाला उतरायला हवी, पण व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या चिपना ३ गिगाबिटच्या डिस्कशी ती बोलणी जमत नाहीत आणि डिस्क दिसतच नाही. हार्ड डिस्कवर वेग बांधून देणारा जंपर मिळतो. एसएसडीवर बहुधा तोही नसतो.

अजून एक. सर्व्हरमधून निघालेल्या अलीकडच्या काही साटा डिस्क फिरतच नाहीत आणि लोक त्या मेल्या समजून टाकून देतात. नव्या मानकात पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आला की डिस्क बंद राहते. जुने सप्लाय तिथे सरळ ३.३ देतात. चार पिनी मोलेक्सवरून अडॅप्टरने वीज दिली तर ती तार येतच नाही आणि डिस्क सुरू होते.

टर्मिनेटर_लावा

आणि जुन्या मॅकवाल्यांसाठी एक ओळ: १९८६ च्या मॅक प्लसपासून स्कझी आहे, पण ॲपलचा स्वतःचा फॉरमॅट प्रोग्रॅम फक्त ॲपलचं फर्मवेअर असलेल्या डिस्कच मान्य करतो. बस तीच, आज्ञा त्याच, तरी दारावर ओळखपत्र. बाहेरचा प्रोग्रॅम वापरा, किंवा ब्लूस्कझीसारखं एसडी कार्डवालं यंत्र लावा.

(हो, मी फ्लॅशची शिफारस करतोय. फिरत्या ५० पिनी डिस्क आता उरल्यात किती.)

केबल_कात्री

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पाटी_कोरी

प्रतिमा निघाली, थोडे सेक्टर गेले पण महत्त्वाचं सगळं वाचलं. नेटवर्क कार्डातल्या रॉमने सीएफ पूर्ण ओळखलं. डॉसच्या फॅट१६ ला (डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायची पद्धत) २ जीबीच्या वर जाता येत नाही म्हणून दोन पार्टिशनं केली. डॉस झटक्यात सुरू होतो.

आता फक्त विंडोज ३.११. फाइली कॉपी केल्या, सुरू होताना ‘३२ बिट डिस्क ॲक्सेस’चा ड्रायव्हर चढत नाही अशी तक्रार येते. जुन्या डिस्कवर तो चालू होता.

सिलिंडर_१०२३

चढणार नाहीच. तो ड्रायव्हर बायोसला वळसा घालून थेट त्या १एफ०एच वाल्या रजिस्टरांशी बोलतो आणि १०२४ सिलिंडरांच्या पुढची डिस्क त्याला झेपत नाही. जुनी ४२० ची त्याच्या मापात बसत होती. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘३८६ एन्हान्स्ड’, तिथे व्हर्च्युअल मेमरी, आणि खालची ‘३२ बिट डिस्क ॲक्सेस’ची खूण काढा. ‘३२ बिट फाइल ॲक्सेस’ वेगळा, तो चालला तर राहू द्या. कंट्रोल पॅनेलपर्यंत पोचताच येत नसेल तर ‘विन /डी:एफ’ने सुरू करा.